बाथरूमच्या कामासाठी सज्जन कंत्राटदार निवडण्याची पद्धत

फसवले जाणे माणसाला टाळता येत नाही; त्याची पूर्वतयारी मात्र शिस्तीत करता येते. ज्यांची पूर्वतयारी नसते ते सहज फसतात आणि लवकर विसरतात. ज्यांची तयारी पक्की असते ते कागदपत्रांसह फसतात, आणि ती कागदपत्रे पुढे वर्षानुवर्षे कपाटात जागा अडवून बसतात. मी दुसऱ्या गटातली आहे. नोकरीत मी लोकांचे अर्ज तपासते आणि त्रुटी काढून परत पाठवते. या कामात माझा हात धरणारे आमच्या कार्यालयात कोणी नाही (धरावा असे कोणाला वाटतही नाही).

सदर पूर्वतयारीची गरज बाबा गेल्यावर पडली. बाबा गेले, आई त्यांच्या घरात एकटी राहिली, आणि तिच्याबरोबर राहिला तिचा गुडघा. गुडघा पाहून डॉक्टर म्हणाले, बाथरूम नीट करून घ्या. फरशी घसरडी नको, उंबरा नको, भिंतीला धरायला दांडा हवा. नाहीतर एक दिवस पडतील आणि मग चर्चेला विषय उरणार नाही. हे कळल्यावर दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, दुसऱ्या शहरातून फोनवर निर्णय दिला.

"बाथरूम होतंय का बघ. होत नसेल तर मी गाडी घेऊन येतो आणि आईला इकडे आणतो. कायमचं."

आईला दादाकडे जायचे नव्हते. दादा चांगला आहे. वहिनी चांगली आहे. त्यांच्याकडे आईसाठी वेगळी खोली आहे, खोलीत चांगला पलंग आहे, खिडकीला चांगला पडदा आहे. आई म्हणाली, "तिथे सगळं चांगलंच आहे गं. मी काय करू तिथे?"

तेव्हा मुद्दा सरळ होता. बाथरूम झाले तर आई आपल्या घरात. न झाले तर आई चांगल्या पडद्याआड.

आता जुन्या बाथरूमविषयी. ते बाबांनी स्वतः केले होते. बाबांची नोकरी नकाशे काढण्याची. डोंगर, दऱ्या, नद्यांचे उतार त्यांच्या बोटांवर असत; कागदावरचे पाणी त्यांच्या हातून कधी चुकीच्या दिशेने वाहिले नाही. बाथरूममधले पाणी मात्र जाळीकडे पाठ फिरवून दाराकडे निघे. सबब दाराशी जुन्या टॉवेलची एक गुंडाळी कायम ठेवलेली असे. तिला घरात 'धरण' म्हणत. दिव्याचे बटण स्वयंपाकघरात होते, कारण तिथल्या विजेच्या फळीवर एक बटण रिकामे होते. गरम पाण्यासाठी गार नळ उघडायचा आणि गार पाण्यासाठी गरम; गीझर बंद असेल तर कोणताही उघडावा, समानता होती. फ्लशचा दांडा आधी खाली दाबायचा, मग वर उचलायचा, आणि शेवटी आभार मानल्यासारखा हलकेच खाली सोडायचा. पाहुण्याला आत पाठवण्यापूर्वी ही सर्व माहिती बाबा स्वतः देत. बरेचसे पाहुणे माहिती ऐकून घरी जाईपर्यंत थांबणे पसंत करीत.

आईचे मत लग्नानंतर लवकरच बनले होते आणि त्यात पुढे बदल झाला नाही. "नदी काढावी ती तुझ्या बाबांनी. नळ बसवावा तो दुसऱ्याने."

तो दुसरा शोधण्यासाठी मी नियमावली तयार केली. ग्राहकांना सावध करणाऱ्या पुस्तिका मागवल्या, फसलेल्यांचे अनुभव वाचले, आणि लबाड कंत्राटदार ओळखण्याची लक्षणे एकत्र करून एका संध्याकाळी आईला वाचून दाखवली. ती अशी:

काम तोंडी ठरवतो, लेखी काही देत नाही.

परवान्याचा विषय निघाला की हसतो.

"दोन दिवसांचं काम आहे" असे सांगतो.

दुसरीकडून उरलेले सामान वापरतो.

एक काम सांगितले असता भलतेच उघडून बसतो.

चूक दाखवल्यास "ते तसंच असतं" असे म्हणतो.

आई म्हणाली, "हे सगळं तू तुझ्या बाबांचंच लिहिलंयस."

"नाही गं. हे ग्राहक संघटनेने छापलंय."

"असेल. त्यांच्याकडेही कधीतरी जाऊन आले असतील."

यादीत आणखी एक लक्षण होते. काम अर्धवट टाकून निघून जातो आणि त्यानंतर त्याच्याशी कोणत्याही प्रकारे संपर्क होऊ शकत नाही. ते मी वाचले नाही. मी उठून चहा ठेवला.

निवडीचे टप्पे पुढीलप्रमाणे होते. प्रथम परवाना पाहणे. मग परवाना देणाऱ्या कार्यालयात जाऊन, तो त्यांनीच दिला होता का आणि दिला असल्यास शुद्धीवर असताना दिला होता का, याची खात्री करणे. मग विमा. मग लेखी अंदाजपत्रक. मग आधीच्या ग्राहकांच्या घरी जाऊन काम डोळ्यांनी पाहणे. या शेवटच्या टप्प्यामुळे मी अनेक अनोळखी माणसांच्या बाथरूममध्ये उभी राहिले. त्यातून एक सामाजिक निरीक्षण हाती लागले: माणूस परक्या बाईला स्वतःचे वय सांगत नाही, पण बाथरूम दाखवायला लागला की त्याला थांबवावे लागते. एका गृहस्थांनी शॉवर चालू करून दाखवला. मी त्याखाली उभी होते. (शॉवरचा दाब उत्तम असल्याची नोंद मी केली.)

"कंत्राटदार शोधतेयस की जावई?" आई म्हणाली. "तुझ्या लग्नाच्या वेळी तुझ्या बाबांनी एवढी चौकशी केली नव्हती."

हे ऐकून माझा नवरा वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेला.

इथे या व्यवसायातला एक सार्वत्रिक रिवाज सांगणे भाग आहे. नवा कारागीर घरात आला की तो आधी हत्यारे बाहेर काढत नाही. आधी तो जुन्या कारागिराची अब्रू बाहेर काढतो. याला पाहणी म्हणतात. पाहणीत तो भिंतीवर टिचकी मारतो, गुडघ्यावर बसून पाइपाकडे बघतो, जीभ टाळ्याला लावून आवाज करतो आणि विचारतो, "हे कोणी केलं?" या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते, तो कामाचा शुभारंभ असतो. मी बोलावलेल्या कंत्राटदारांपैकी शंभर टक्क्यांनी हा प्रश्न विचारला. काहींनी परत जाताना पुन्हा विचारला.

मी प्रत्येकाला एकच उत्तर दिले. "आधीच्या माणसाने."

पहिले कंत्राटदार मितभाषी होते. परवाना, विमा, सगळे जागच्या जागी. त्यांनी बाथरूममध्ये एक चक्कर मारली, दोन्ही नळ उघडून बंद केले, आणि बाहेर येऊन अगदी आपुलकीने म्हणाले, "मॅडम, एक सांगू? हे ज्याने केलंय ना, त्याला परत घरात घेऊ नका."

"नाही घेणार," मी म्हणाले.

त्या रात्री त्यांची कागदपत्रे पुन्हा तपासताना असे आढळले की परवान्यावरच्या छायाचित्रात त्यांना मिशा होत्या आणि प्रत्यक्षात नव्हत्या. ओळख संशयास्पद. नामंजूर.

दुसऱ्यांकडे फरशीवर लाल रेघ पाडणारे यंत्र होते. त्यांनी रेघ पाडली, तिच्याकडे पाहिले, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. मग म्हणाले, "उतार पूर्ण उलटा आहे. असा चुकून होत नाही, ताई. याला मेहनत लागते." त्यांचा परवाना चालू होता, पण काही वर्षांनी त्याची मुदत संपणार होती. भविष्यात अडचण उद्भवू शकते. नामंजूर.

तिसऱ्यांना आईने 'खेकसे' असे नाव दिले, कारण ते साधा पत्ता विचारत असले तरी भांडण लागल्यासारखे वाटे. त्यांच्या कागदांत मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. आधीच्या ग्राहकांनी तर ठरवून सांगितल्यासारखे एकच सांगितले: "तोंड वाईट, काम चांगलं." खेकशांनी आत जाऊन गार नळ उघडला, हात भाजून घेतला आणि बोळाकडे तोंड करून गर्जना केली.

"कोण होता हा महाभाग? अहो, हा प्लंबर नव्हता, तुमचा वैरी होता! आणि दिवा कुठून लागतो?"

"स्वयंपाकघरातून," मी म्हणाले.

"आणि गॅस बाथरूममधून लागतो का?"

बोळात आई तोंडावर हात धरून खोकत होती. तिच्या मनाला लागले असणार, असे मी समजले आणि खेकशांना दारापर्यंत पोहोचवून आले.

"मला बरा वाटला हा," आई म्हणाली.

"अगं, काय काय बोलला ऐकलंस ना?"

"ऐकलं की. त्यात खोटं काय होतं?"

मी तिला समजावले की नियमावलीत वर्तणुकीचे वेगळे कलम आहे आणि त्यात ते बसत नाहीत. (कलम नव्हते. घरी जाऊन लिहिले.)

यानंतरही काही जण आले आणि गेले. पद्धत उत्तम चालली होती. तिच्या गाळणीतून एकही लबाड माणूस आत येऊ शकला नव्हता, आणि प्रामाणिक माणूस आत येण्याची शक्यताही जवळजवळ संपुष्टात आली होती. दादा फोन करून विचारी, "झालं का?" मी सांगे, "छाननी चालू आहे." आई भिंतीला धरून, धरण ओलांडून, रोज आंघोळीला जाई, आणि ती बाहेर येईपर्यंत मी तिच्याकडे असले तर दाराबाहेर उभी राही.

नम्र गृहस्थ नियमावलीच्या बाहेरून आले. एका दुपारी आईकडे बेल वाजली. दारात मध्यम वयाचे, स्वच्छ शर्टातले एक गृहस्थ होते.

"पलीकडच्या गल्लीत काम चालू आहे आमचं. थोडं सामान उरलंय. म्हटलं विचारावं, कोणाला लागतंय का."

नियमावलीनुसार इथे दार लावायचे होते. मी कडीला हात घातलाही होता. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून त्यांची नजर बोळातल्या फोटोवर गेली. त्यांनी चपला काढल्या.

"वडील का, ताई?"

"हो."

ते पुढे काही बोलले नाहीत. गेले काही महिने आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस काहीतरी बोलत होता. कोणी आत्म्याविषयी, कोणी काळ हे औषध असल्याविषयी, एक लांबचे काका तर मुदत ठेवींविषयी. न बोलणारा हा पहिलाच. मी म्हणाले, बाथरूमचं काम आहे, बघता का? आणि स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावला.

ते आत बराच वेळ उभे राहिले. टिचकी मारली नाही. जिभेचा आवाज केला नाही. फरशीच्या तुकड्यावरून तळहात फिरवला आणि हळूच म्हणाले, "हे बाजारातल्या माणसाचं काम नाही."

'आधीच्या माणसाने' हे उत्तर मी तयार ठेवले.

"घरच्या माणसाने केलंय हे. हाताला कळतं, ताई."

"उतार जरा दाराकडे आहे," मी म्हणाले. वास्तविक हे सांगणे त्यांचे काम होते.

"मुद्दाम आहे तो. आत पाणी साचलं तर घरातलं माणूस घसरेल, म्हणून बाहेर काढून दिलंय. आज कोण करतं एवढा विचार?"

"आणि बटण स्वयंपाकघरात आहे, ते?"

"ओला हात बटणाला लागू नये म्हणून."

"नळ उलटे आहेत."

"लहान मुलं होती ना घरात? मूल लाल नळ बघून उघडतं. लाल उघडला तरी भाजू नये, म्हणून त्यात गार सोडलं."

लहान मूल म्हणजे मी. त्या बाथरूममध्ये मी लहानाची मोठी झाले होते, आणि आपण एवढ्या काळजीच्या आत उभे राहून दात घासत होतो हे मला कोणी सांगितले नव्हते.

"फळीवर बटण रिकामं होतं म्हणून तिथे घेतलं त्यांनी!" आई आतल्या खोलीतून ओरडली. आम्हा दोघांचेही तिकडे लक्ष गेले नाही.

"मी तोडणार नाही, ताई," नम्र गृहस्थ म्हणाले. "मी त्यांचं काम फक्त पुढे नेईन."

तयार केलेल्या प्रश्नांपैकी मी एकही प्रश्न विचारला नाही. परवान्याचा विषय त्यांनीच काढला. तो दुसऱ्या पिशवीत राहिला होता. मी म्हणाले, सावकाश आणा. आगाऊ रक्कम त्यांनी मागितलीच नाही. सिमेंट कसे आणावे या विवंचनेत ते फक्त खिडकीबाहेर पाहत राहिले, आणि ते मला पाहवले नाही; रक्कम मीच पुढे केली. पावती मागणे मला असभ्यपणाचे वाटले.

ते गेल्यावर आई काठी टेकत बाहेर आली. "याचे कागद बघितलेस?"

"आई, काही माणसं कागदावरून कळत नसतात."

(हे वाक्य अर्जात लिहिणाऱ्यांचे अर्ज मी विशेष आनंदाने परत पाठवते.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन माणसे आणून फरशी उखडली, कमोड काढून बोळात ठेवला, आणि दोन्ही पितळी नळ स्वतःच्या हातांनी काढून कापडात गुंडाळले. "पॉलिश करून आणतो. नव्या भिंतीत हेच बसवू. वडिलांची आठवण." मी मान हलवली.

पॉलिशला वेळ लागतो, हे मला मान्य होते. फोन बंद लागत होता. कामाच्या माणसाला फोनकडे बघायला सवड नसते, हेही मान्य होते. त्यांच्या घरी कोणी आजारी असेल. त्यांना स्वतःलाच बरे नसेल. मी त्यांच्यासाठी जेवढी कारणे शोधली तेवढी आजवर एकाही अर्जदारासाठी शोधली नव्हती. "त्याचे नळ मिळाले, काम झालं त्याचं," आई म्हणाली. "पितळेला भाव आहे."

दरम्यान आई शेजारच्या काकूंकडे जाऊ लागली. खांद्यावर टॉवेल, एका हातात काठी, दुसऱ्या हातात साबणाची डबी. काकू म्हणत, "या हो, आपलंच घर समजा." आई परत येऊन पलंगावर बसे आणि गुडघा चोळे. "त्यांचं बाथरूम चांगलं आहे," एवढेच म्हणे.

दादाला कळायचे ते कळलेच. "बास झालं आता," तो म्हणाला. "शनिवारी गाडी घेऊन येतोय. आईची बॅग भरून ठेव."

मी बॅग भरली नाही. पण संध्याकाळी गेले तेव्हा आई कपाटातले कपडे काढून पलंगावर घड्या घालत होती. थोडे तिचे, थोडे बाबांचे. बाबांच्या स्वेटरची घडी तिने घातली, मोडली, परत घातली. "थंडी असते म्हणे तिकडे," ती म्हणाली.

मी ग्राहक कार्यालयात तक्रार नोंदवायला गेले. खिडकीमागच्या कारकुनाने फॉर्म पुढे ओढला.

"परवाना पाहिलात?"

"नाही."

"पावती?"

"नाही."

"पूर्ण नाव?"

"विचारलं नाही."

"मग काम काय बघून दिलंत, मॅडम?"

मी माझी नियमावली त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. "फार छान आहे हो," तो म्हणाला. "याची एक झेरॉक्स मिळेल? इथे नोटीस बोर्डावर लावतो." मग पेन उचलून त्याने विचारले, "घरात अलीकडे कोणी गेलं का?"

"वडील."

"मग त्यांच्याबद्दल चांगलं बोलला असेल."

'फसवणुकीचे कारण' या रकान्यात त्याने लिहिले, 'नेहमीचे', आणि मागच्या माणसाला पुढे बोलावले.

मी परत आले तेव्हा आई फोनवर होती. तिच्या मांडीवर माझी नामंजूर झालेल्यांची फाइल उघडी होती.

"अहो, तुम्हीच ना ते, जे सगळ्यांवर खेकसता? हो, हो, गारमधून गरम येतं, तेच बाथरूम. नाही, आता त्याहून वाईट आहे. या लगेच. आणि माझ्या मुलीकडे लक्ष देऊ नका, तिचा स्वभाव आहे तो."

खेकसे सकाळी आले. उखडलेल्या फरशीच्या ढिगावर उभे राहून त्यांनी चारही भिंतींकडे पाहिले आणि विचारले, "हे कोणी केलं?"

"कुठलं विचारताय?" आई म्हणाली. "तोडलेलं की बांधलेलं?"

"तोडणाऱ्याने तर उपकार केलेत तुमच्यावर. बांधलेलं!"

मी तोंड उघडले, पण आईने मला हाताने थांबवले. "आमच्या ह्यांनी," ती म्हणाली. "ते गेले आता."

खेकशांनी फोटोकडे पाहिले. मी क्षमायाचनेची वाट पाहत होते; वर्तणुकीच्या कलमात तिला जागा ठेवली होती.

"अहो, मग तुम्ही थांबवलं का नाही त्यांना?" खेकसे ओरडले.

"थांबवून बघितलं ना! बाथरूममधून बाहेर काढलं की विजेच्या मीटरकडे जायचे. त्यापेक्षा बाथरूम परवडलं!"

"आणि हे काय आहे? हे बघा, हे बघा!" खेकशांनी भिंतीतल्या पाइपाच्या सांध्यातून काहीतरी ओढायला सुरुवात केली. ते लांबच लांब येत राहिले. "सांध्याला सुतळी लावतात, बाई! ही बुटाची नाडी आहे! नाडी बांधलीय माणसाने पाइपाला, आणि वर गाठ मारलीय!"

"अगं बाई!" आई पुढे झाली. "ही तर दादाच्या शाळेच्या बुटाची! नाडी हरवली म्हणून त्याला ओरडले होते हो, हेच ओरडले होते! मुलगा रडत रडत बूट हातात घेऊन शाळेत गेला, आणि नाडी इथे!"

ती हसायला लागली. आधी भिंतीला धरून, मग राडारोड्याच्या गोणीवर बसून. खेकसेही हसत होते. त्यांचे हसणेसुद्धा खेकसल्यासारखेच होते. "बुटाला मारतात तीच सुरगाठ आहे वर!" ते म्हणाले, आणि आईने डोळे पुसून परत हसायला सुरुवात केली.

त्या गोणीकडे पाहताना मला माझ्या पद्धतीतली त्रुटी सापडली. बाबा गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी सर्वच्या सर्व लोकांनी बाबांना देवमाणूस म्हटले होते आणि आईने प्रत्येकाला "हो" म्हटले होते. बाबांविषयी तक्रार करायला मात्र कोणीच आले नव्हते. लग्न झाल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ चालणारा तिचा विषय एकाएकी बंद पडला होता. देवमाणसाशी तिचा परिचय नव्हता. तिचे लग्न नाडीवाल्याशी झाले होते. आणि त्याच्याबद्दल बोलू पाहणारा जो जो माणूस दारात आला, त्याला मी त्रुटी काढून परत पाठवले होते.

शनिवारी दादा गाडी घेऊन आला, तेव्हा आई बोळात खुर्ची टाकून बसली होती. आतून खेकसे ओरडत होते, बाहेरून ती ओरडत होती, आणि दोघांचे बाबांविषयी पूर्ण एकमत होते. तिने दादाला नाडी दाखवली. दादाने ती हातात घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिले. "मी हरवली नव्हती," तो म्हणाला. "मी तेव्हाच सांगत होतो, मी हरवली नाही." मग तो ढिगापाशी उकिडवा बसला आणि खेकशांना विचारू लागला, अजून काय काय सापडलंय. आईची बॅग भरलेली त्याने पाहिली. धूळ बसू नये म्हणून ती उचलून आत ठेवली, आणि रविवारी एकटाच परत गेला.

बाथरूम ठरल्याप्रमाणे झाले. उंबरा नाही, दांडा मजबूत आहे, लालमधून गरम येते आणि निळ्यातून गार. पाहुण्यांना काही सांगावे लागत नाही. काम पूर्ण झाल्यावर मी एकदा आत जाऊन तांब्याभर पाणी ओतले. ते मुकाट्याने जाळीकडे गेले. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. त्यात नोंद करण्यासारखे काही नव्हते.

प्रस्तुत लेखनाचा हेतू लोकशिक्षणाचा आहे. ही हकिकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली. सगळे जाणते लोक. त्यांनी माझी कीव केली, आपण असे कधीच फसलो नसतो हे पटवून दिले आणि नियमावलीची प्रत मागून घेतली. मग जाताना, दारात चपला घालता घालता, आवाज खाली आणून एकेकाने विचारले, "तो दुसरा कोण गं, तो नम्र माणूस? त्याचा नंबर लागतो का अजून? नाही, सहजच. आमच्याकडे हिच्या आईने रंगवलेली एक भिंत आहे." खेकशांचा नंबर आजतागायत कोणीही मागितलेला नाही.

तुम्हीही तो मागितलेला नाही. तुमच्या घरातही एक वाकडे कपाट असेल, किंवा न लागणारी खिडकी, आणि ती ज्याने केली तो आता दुरुस्तीला येणार नाही. तिच्यात काय काय चुकले आहे हे तुम्हाला पाठ आहे. ते परक्या माणसाने मोठ्याने म्हटले तर तुम्ही त्याला दारापर्यंत पोहोचवून याल, हेही तुम्हाला माहीत आहे. नम्र गृहस्थांना शोधत जाण्याचे कारण नाही. त्यांचे काम नेहमी पलीकडच्याच गल्लीत चालू असते, आणि सामान नेहमी थोडे उरलेले असते. बेल वाजली की आधी परवाना विचारा.

(विसराल.)